‘जनतेच्या मनातलं’ मोजायचं कसं? २०१४ चं अल्पमतातलं सरकार आणि बीड जिल्हा

इतिहास किंवा राज्यशास्त्रातल्या संशोधन आराखड्यांत एक वाक्य हमखास भेटतं: ‘जनतेने अमुक नेत्याला स्वीकारले’ किंवा ‘जनतेने अमुक सरकारला नाकारले’. पीएच.डी.च्या मुलाखतीत गाईड किंवा तज्ज्ञ नेमके इथेच अडवतात. कशावरून म्हणता? पुरावा काय? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘सर, निकालावरून.’ निकालावरून जनतेचं मन कितपत कळतं, हे आज एका जवळच्या उदाहरणावरून बघू. उदाहरण आहे देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ मधल्या अल्पमतातल्या सरकारचं, आणि जागा आहे बीड जिल्हा.

आधी घटनाक्रम नीट लावून घेऊ. २५ सप्टेंबर २०१४ रोजी एकाच दिवशी शिवसेना-भाजप युती तुटली आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीही तुटली. १५ ऑक्टोबरला मतदान झालं, १९ ला निकाल लागला. २८८ जागांच्या विधानसभेत भाजप १२२, शिवसेना ६३, काँग्रेस ४२ आणि राष्ट्रवादी ४१. बहुमताचा आकडा १४५. राष्ट्रवादीने निकालाच्या दिवशीच भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला. ३१ ऑक्टोबरला वानखेडे स्टेडियमवर फडणवीसांचा शपथविधी झाला. शिवसेना तेव्हा विरोधी बाकांवर होती आणि विरोधी पक्षनेते होते एकनाथ शिंदे. ५ डिसेंबरला शिवसेना सरकारमध्ये सामील झाली आणि अल्पमताचा विषय संपला. म्हणजे हे सरकार अल्पमतात होतं ते जेमतेम ३५ दिवस.

आता प्रश्न असा की या ३५ दिवसांत लोकांचा या मुख्यमंत्र्याकडे बघण्याचा दृष्टिकोन काय होता? प्रश्न सोपा वाटतो, पण उत्तर शोधायला लागलं की पुराव्यांचे दोन मोठे खड्डे लागतात.

पहिला खड्डा सभागृहातला आहे. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. बाजूने असलेल्यांनी ‘होय’ म्हणायचं, विरोधातल्यांनी ‘नाही’, आणि कुठला आवाज मोठा ते अध्यक्षांनी ठरवायचं. शिवसेना आणि काँग्रेसने मतविभागणीची मागणी केली, गोंधळ झाला, पण ठराव मंजूर झाल्याचं जाहीर झालेलं होतं. राजकारण म्हणून त्यावर खूप लिहिलं गेलं. संशोधक म्हणून आपल्याला वेगळीच अडचण येते. मतविभागणी झाली की प्रत्येक आमदाराच्या नावासमोर नोंद राहते. आवाजी मतदानात आकडा उरतच नाही. त्या दिवशी सरकारच्या बाजूने किती आमदार होते, हे कुठल्याही दप्तरात सापडणार नाही, कारण ते मोजलंच गेलं नव्हतं. राष्ट्रवादीच्या ४१ जणांच्या भूमिकेबद्दल बातम्या मिळतील, नेत्यांची वक्तव्यं मिळतील, पण मतांची नोंद मिळणार नाही.

फरक बघायचा असेल तर पाच वर्षं पुढे या. २३ नोव्हेंबर २०१९ च्या सकाळी फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. २६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की दुसऱ्या दिवशी बहुमत चाचणी घ्या, मतदान गुप्त नको आणि त्याचं थेट प्रक्षेपण करा. फडणवीसांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. ३० नोव्हेंबरला उद्धव ठाकरे सरकारच्या बाजूने १६९ आमदार मोजले गेले. म्हणजे २०१९ चा आकडा आपल्याकडे आहे, २०१४ चा नाही. या दोन घटनांची तुलना करताना ही विषमता आराखड्यात लिहावीच लागेल.

दुसरा खड्डा मतपेटीतला आहे आणि तो जास्त फसवा आहे. भाजपला २०१४ मध्ये सुमारे २७.८ टक्के मतं आणि सुमारे ४२ टक्के जागा मिळाल्या. मग ‘७२ टक्के लोकांनी फडणवीसांना नाकारलं’ असं लिहायचं का? की ‘सर्वाधिक जागा दिल्या म्हणजे स्वीकारलं’ असं लिहायचं? दोन्ही वाक्यं चुकीची ठरतील, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. भाजपने निवडणुकीआधी मुख्यमंत्रिपदाचा उमेदवारच जाहीर केला नव्हता. मतदाराला जो प्रश्न विचारलाच गेला नाही, त्याचं उत्तर त्याच्या मतात कसं सापडणार?

विज्ञानाच्या प्रयोगशाळेत वजनकाटा हातात घेण्याआधी विचारतात की हा काटा नेमकं काय मोजतो. मतदानाच्या बाबतीतही तेच विचारायला हवं, आणि ते समजून घ्यायला बीडइतकं चांगलं उदाहरण मिळणार नाही.

३ जून २०१४ रोजी गोपीनाथ मुंडे यांचं अपघाती निधन झालं. त्यामुळे बीड लोकसभेची पोटनिवडणूक विधानसभेबरोबर, म्हणजे १५ ऑक्टोबरलाच झाली. एकाच दिवशी, एकाच रांगेत उभं राहून बीडच्या मतदाराने दोन मतं दिली. लोकसभेला प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांनी विजयी झाल्या. देशाच्या निवडणूक इतिहासात तोपर्यंत एवढं मताधिक्य कुणालाच मिळालं नव्हतं. विधानसभेच्या सहापैकी पाच जागा भाजपने घेतल्या: गेवराई, माजलगाव, आष्टी, केज आणि परळी. पण बीडची जागा राष्ट्रवादीच्या जयदत्त क्षीरसागरांनी राखली.

नुसता सात लाखांचा आकडा बघून कुणी लिहील की बीडमध्ये भाजपची लाट होती. पण थोडं मागे जाऊ. त्याच वर्षी एप्रिल-मेच्या निवडणुकीत खुद्द गोपीनाथ मुंडे १,३६,४५४ मतांनी निवडून आले होते, आणि तेव्हा समोर राष्ट्रवादीचे सुरेश धस होते. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रवादीने लोकसभेला उमेदवारच दिला नाही, त्यामुळे मुख्य लढत काँग्रेसशी झाली. म्हणजे त्या मताधिक्यात किमान तीन गोष्टी मिसळल्या आहेत: मुंडेसाहेबांबद्दलची हळहळ, प्रमुख प्रतिस्पर्ध्याची गैरहजेरी आणि पक्षाची स्वतःची ताकद. कुठली गोष्ट किती, हे त्या एका आकड्यातून वेगळं काढता येत नाही. विधानसभेचे सहा निकाल शेजारी ठेवले की चित्र थोडं साफ होतं, पण तिथेही उमेदवार, जात, गटतट, साखर कारखाने असं बरंच काही येतं. मुख्यमंत्री कोण व्हावा हा प्रश्न त्यात कुठेतरी असेलही, पण सुटा करून दाखवता येणार नाही.

त्याच काळातला आणखी एक शब्दप्रयोग बघा. पंकजा मुंडे यांच्या संदर्भात ‘जनतेच्या मनातील मुख्यमंत्री’ हे शब्द पुढे बरेच गाजले. राजकारणात असा दावा कुणीही करू शकतं, त्याला पुरावा लागत नाही. मात्र संशोधकाने हे शब्द जनमताचा पुरावा म्हणून वापरायचे नाहीत. दावा कुणी केला, कधी केला आणि त्याचा कुणाला उपयोग झाला, याचा पुरावा म्हणून मात्र ते जरूर वापरावेत.

‘मग मतचाचण्या बघू’ असं वाटणं साहजिक आहे. लोकनीती-सीएसडीएससारख्या संस्था निवडणुकांनंतर पाहणी करतात आणि त्या उपयोगी असतात. पण छोटं गणित करून बघा. समजा राज्यभरातून २,००० लोकांना विचारलं. ३६ जिल्ह्यांत सारखे वाटले तर एका जिल्ह्याच्या वाट्याला साधारण ५५ माणसं येतात. एवढ्या नमुन्यात चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना जवळपास १३ टक्क्यांची. म्हणजे ५० टक्के लोक खूश आहेत असं उत्तर आलं, तर खरा आकडा ३७ ते ६३ मध्ये कुठेही असू शकतो. राज्याच्या चाचणीतून ‘बीडच्या लोकांना काय वाटत होतं’ असा निष्कर्ष काढायचा नाही, तो या कारणाने.

अल्पमतातल्या नेत्याबद्दल लोकांना काय वाटतं याचा अनुभव कॅनडाकडे बराच आहे. तिथलीही संसदीय पद्धत ब्रिटिश वळणाची, पण अल्पमतातली सरकारं वारंवार येतात, आणि महत्त्वाच्या मतदानांची नावनिशी नोंद राहते. तीन पंतप्रधान बघू. जॉन डिफेनबेकर यांना १९५७ मध्ये २६५ पैकी ११२ जागा मिळाल्या. पुढच्याच वर्षी लोकांनी त्यांना २०८ दिल्या. जो क्लार्क १९७९ मध्ये २८२ पैकी १३६ जागांवर पंतप्रधान झाले. त्यात इंधनावरचा कर वाढवणाऱ्या अर्थसंकल्पावर १३ डिसेंबरला १३९ विरुद्ध १३३ मतांनी त्यांचं सरकार पडलं आणि फेब्रुवारी १९८० मध्ये मतदारांनीही त्यांना घरी बसवलं. स्टीफन हार्पर यांचं सरकार २५ मार्च २०११ रोजी १५६ विरुद्ध १४५ मतांनी पडलं. संसदेचा अवमान केल्याचा ठपका असूनही मे महिन्यात लोकांनी त्यांना ३०८ पैकी १६६ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत दिलं.

तिघेही अल्पमतात, आणि तिघांचं पुढे तीन तऱ्हेचं झालं. क्लार्क आणि हार्पर दोघांनाही सभागृहाने पाडलं. एकाला लोकांनी परत आणलं, दुसऱ्याला नाही. म्हणजे ‘अल्पमत’ ही सभागृहाची स्थिती आहे. तिच्यावरून लोकांची पसंती-नापसंती ठरवता येत नाही. लोक वेगळ्याच गोष्टी बघतात: महागाई, कर, समोरचा पर्याय कसा आहे, आणि पुन्हा निवडणूक लादल्याचा दोष कुणाच्या माथी जातो.

ही शेवटची गोष्ट महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना नीट माहीत होती. लगेच निवडणुका नकोत म्हणून पाठिंबा, अशी राष्ट्रवादीची जाहीर मांडणी होती. पण नोव्हेंबरमध्ये अलिबागच्या बैठकीत शरद पवारांनी सरकार टिकवण्याची जबाबदारी आपली नाही असं सुचवून कार्यकर्त्यांना निवडणुकीच्या तयारीत राहायला सांगितलं. दोन्ही भूमिका एकाच महिन्यातल्या आहेत.

आणि त्या महिन्यात बीडचा शेतकरी काय बघत होता? पाऊस कमी झाला होता, कापूस आणि सोयाबीन हातचं गेलं होतं, पैसेवारी किती लागते याकडे गावोगाव लक्ष होतं. ५ डिसेंबर २०१४ ही तारीख मुंबईच्या राजकारणात शिवसेना सत्तेत आल्याची तारीख आहे. जलयुक्त शिवार अभियानाचा शासन निर्णयही त्याच तारखेचा. जलसंधारण खातं तेव्हा परळीच्या आमदार पंकजा मुंडे यांच्याकडे होतं. बीडच्या एखाद्या गावात जाऊन ‘त्या सरकारबद्दल काय वाटायचं’ असं विचारलं, तर उत्तर १२२ या आकड्यापेक्षा नाल्याच्या खोलीकरणापासून सुरू होण्याची शक्यता जास्त आहे. पुरावा तिथे शोधा: ग्रामसभांचे ठराव, तहसील कार्यालयात दिलेली निवेदनं, ‘झुंजार नेता’सारख्या बीडच्या दैनिकांचे त्या ३५ दिवसांतले अंक. ही कामं कुणीतरी बसून करायला हवीत, कारण जुने अंक आणि गावपातळीवरची कागदपत्रं कायम टिकत नाहीत.

मुलाखती घेणार असाल तर एक काळजी घ्या. आज २०१४ बद्दल बोलणारा माणूस २०१९ ची पहाट आणि २०२२ चं सत्तांतर बघून बसलेला आहे. मे २०१९ मध्ये याच जिल्ह्याने प्रीतम मुंडेंना १,६८,३६८ मतांनी निवडून दिलं आणि ऑक्टोबरमध्ये सहापैकी चार जागा राष्ट्रवादीला दिल्या. परळीत पंकजा मुंडे स्वतः हरल्या. अवघ्या पाच महिन्यांत एवढा फरक पडत असेल, तर दहा वर्षांनी सांगितलेली आठवण ही त्या वेळची भावना म्हणून जशीच्या तशी लिहून चालणार नाही. तिच्या शेजारी त्या काळातला कागद हवा.

तेव्हा तुमच्या आराखड्यात ‘जनतेने’ हा शब्द आला की चार रकाने आखा: जागा, मतांची टक्केवारी, सभागृहातला विश्वास आणि नेत्याबद्दलची पसंती. तुमच्याकडचा प्रत्येक पुरावा यातल्या कुठल्या रकान्यात बसतो ते लिहा. २०१४ च्या बाबतीत पहिले दोन रकाने पूर्ण भरतात, तिसऱ्यात आवाजी मतदानामुळे आकडा नाही आणि चौथा जवळपास रिकामा राहतो. तुमच्या विषयातही असा एखादा रकाना रिकामा निघाला तर घाबरू नका. तो आहे तसा दाखवा आणि तुमचा संशोधन प्रश्न तिथूनच सुरू करा.