ओहमच्या तारा, ज्यूलचं पाणी

व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध मिळतो, गुणलं की शक्ती. शाळेच्या पुस्तकात ही दोन गणितं शेजारीशेजारी छापलेली असतात, त्यामुळे ती जुळी भावंडं वाटतात. प्रत्यक्षात पहिल्यामागे कोलोनचा एक शाळामास्तर आहे, दुसऱ्यामागे सॅलफर्डच्या बिअर गाळणाऱ्या घरातला मुलगा, आणि दोघांच्या कामांत चौदा वर्षांचं अंतर आहे. व्होल्ट आणि अँपिअर ही एककं तर त्याहून कितीतरी उशिरा रूढ झाली.

भागाकार कधीच अवघड नव्हता. भागायचं काय आणि कशाने, हे हाती लागत नव्हतं. लंडनच्या हेन्री कॅव्हेंडिशने 1781 च्या सुमारास लायडन बरणीत साठवलेली वीज मिठाच्या पाण्याने भरलेल्या काचनळ्यांतून स्वतःच्या अंगात घेतली आणि झटक्याच्या जोरावरून धारेचा अंदाज बांधला. मोजायला दुसरं साधनच नव्हतं. धारा (अँपिअर) दाबाच्या (व्होल्टच्या) प्रमाणात वाढते, इथवर तो पोचलाही. पण गृहस्थ विलक्षण एकलकोंडा. यावर लिहिलेलं त्याने छापलंच नाही. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने ते कागद संपादून 1879 साली प्रसिद्ध केले, तोवर जगाने तो नियम दुसऱ्याच्या नावावर लावून टाकला होता.

तो दुसरा म्हणजे जॉर्ज सायमन ओहम. जन्म 1789 चा, एर्लांगेनचा. वडील कुलपं बनवणारे कारागीर, पण स्वतःच्या हिमतीवर गणित शिकलेले. मुलांनाही त्यांनीच शिकवलं. कोलोनच्या शाळेत नोकरी लागल्यावर ओहमने तिथल्या प्रयोगशाळेत तारा जोडायला सुरुवात केली. 1825 साली त्याने पहिला निष्कर्ष छापला, आणि तो चुकला. दोष त्याच्या बॅटरीचा होता. त्या काळच्या व्होल्टाच्या बॅटरीला तार जोडली की धारा एकदम उसळायची आणि बघता बघता ओसरायची. मोजता मोजताच मोजायची गोष्ट बदलत होती.

मार्ग सुचवला पोगेनडॉर्फ या विज्ञान-नियतकालिकाच्या संपादकाने. भौतिकशास्त्रज्ञ सीबेकने 1821 साली दाखवून दिलं होतं, की दोन धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला की धारा वाहते. ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय आणि बर्फ वितळतोय तोवर दोन्हींचं तापमान हलत नाही, म्हणून विजेला रेटणारा जोरही हलत नाही. मग सारख्या जाडीच्या आठ तांब्याच्या तारा, सगळ्यांत आखूड 2 इंचांची, सगळ्यांत लांब 130 इंचांची, एका वेळी एक अशा जोडल्या. धारेमुळे चुंबकसूची फिरायची. तिला टांगलेल्या पट्टीला पीळ देऊन ती जागेवर आणायची आणि किती पीळ द्यावा लागला ते लिहून ठेवायचं.

आकडे एका साध्या अपूर्णांकात बसले. अंशस्थानी तापमानाच्या फरकावर अवलंबून असलेली एक संख्या. छेदस्थानी तारेची लांबी आणि तिच्यात मिळवलेली आणखी एक ठरावीक संख्या. ही मिळवलेली संख्या म्हणजे तार सोडून उरलेल्या मंडलाचा रोध. शाळेतल्या सूत्रात ती बहुधा गाळली जाते. ओहमने ती या सूत्रात सुरुवातीपासूनच धरली होती. माझ्या मते त्याची खरी कमाई ते सूत्र नव्हे, ती बर्फाची आणि उकळत्या पाण्याची जोडी आहे. स्थिर दाब हाती आला नसता तर सूत्र कुणालाही सुचलं नसतं.

1827 साली बर्लिनहून त्याचं पुस्तक निघालं. गणितज्ञ फूरियेच्या उष्णतावहनाच्या गणितावर बेतलेलं हे पुस्तक जर्मन पंडितांना रुचलं नाही. ओहमने कोलोनची नोकरी सोडली आणि पुढची काही वर्षं ओढगस्तीत काढली. लंडनच्या रॉयल सोसायटीने 1841 साली कोपली पदक दिलं, तेव्हा कुठे मायदेशातल्यांना त्याची किंमत कळली.

शक्तीची गोष्ट त्याच सुमाराला सुरू होते. 1840 साली सॅलफर्डचा तो मुलगा, जेम्स ज्यूल, एकवीस वर्षांचा होता. त्याने काचनळीभोवती तार गुंडाळली, ती पाण्यात बुडवली, वीज सोडली आणि थर्मामीटर बघत बसला. धारा दुप्पट केली की उष्णता चौपट. म्हणजे धारेचा वर्ग गुणिले रोध. यात रोधाच्या जागी ओहमचा भागाकार ठेवा: एक धारा कटते आणि उरतो दाब गुणिले धारा. दोन वेगळी घराणी इथे एकत्र आली. या गुणाकाराच्या एककाला वॅट म्हणावं, ही सूचना विल्यम सीमेन्सने 1882 साली केली.

ओहम हे एकक त्याआधीचं. समुद्राखालची टेलिग्राफची तार कुठे तुटली हे रोधावरून काढता येतं, पण त्यासाठी सगळ्यांची मोजपट्टी एक हवी. म्हणून 1881 साली पॅरिसच्या परिषदेत ओहम, व्होल्ट, अँपिअर अशी नावं पक्की झाली.

ज्यूलच्या वर्गाने पुढे विजेच्या जाळ्याचा नकाशाच ठरवला. तीच शक्ती दहापट दाबाने पाठवली तर धारा दशांश होते आणि तारेत वाया जाणारी उष्णता शतांश. टाटांची वीज 1915 साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांकडे निघाली, ती उच्च दाबाने, याच हिशोबामुळे.

हे गणित घरी करून बघणाऱ्याने एक सांभाळावं. 230 व्होल्टच्या 100 वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बातून सुमारे 0.43 अँपिअर धारा जाते, म्हणजे रोध 529 ओहम. तोच बल्ब काढून, थंड असताना मल्टिमीटर लावला तर आकडा याच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली दिसतो, कारण टंगस्टनचा रोध तापल्यावर वाढतो. मीटर बिघडलेला नसतो. बल्बचा रोध हवा असेल तर तो पेटलेला असतानाचा दाब आणि धारा घ्या, आणि मगच भागा.