स्ट्रिक्ट अलायसिंग इशारे (जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कोडमधील)

एका प्रकारच्या चलाची मेमरी दुसऱ्याच प्रकारच्या पॉइंटरमधून हाताळली जात असल्याचा संशय आला, की जीसीसी हा सी भाषेचा कंपायलर देतो ते इशारे. मूळ नियम १९८९ च्या अन्सी मानकातला. काही अपवाद वगळता भिन्न प्रकारांचे पॉइंटर एकाच जागेला हात घालत नाहीत, असे कंपायलर त्याआधारे धरून चालतो आणि वाचन-लेखनाचा क्रम बदलतो. कॅरेक्टर प्रकाराला यातून सूट आहे.

जुना कोड या नियमाच्या आधीचा. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत (१९७५) पीडीपी-११ च्या स्टेटस वर्डचा पत्ता ०१७७७७६ ही नुसती अष्टमान संख्या होती. कर्नल तिलाच बाण लावून स्ट्रक्चरचा घटक वाचत असे. ४.२ बीएसडीच्या (१९८३) सॉकेटांनी ही सवय पक्की केली: इंटरनेटचा पत्ता एका स्ट्रक्चरमध्ये भरायचा आणि सिस्टिम कॉलला मात्र 'सॉकॲडर' या सर्वसाधारण स्ट्रक्चरचा पॉइंटर द्यायचा. आयपी हेडरची चेकसम काढतानाही त्या हेडरचे स्ट्रक्चर १६ बिटांच्या शब्दांची रांग म्हणून वाचले जाई.

जुलै १९९९ मध्ये जीसीसी २.९५ ने 'ओ-२' या ऑप्टिमायझेशन पातळीवर हा नियम आपसूक लागू केला. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला कोड चुकीची उत्तरे देऊ लागला. त्याच वर्षी २.९५.२ मध्ये माघार घेतली गेली. २००१ च्या ३.० आवृत्तीत नियम परतला. लिनक्स कर्नल आजही नियम बंद करणारा 'नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग' पर्याय देऊनच बांधला जातो. ओपनबीएसडीने आपल्या जीसीसीच्या 'ओ-२' मधून तो नियमच वगळला.

इशाऱ्याच्या तीन पातळ्या आहेत. पहिली सर्वांत संशयी. तिसरी नेमकी, आणि नेहमीचे इशारे एकत्र चालू करणाऱ्या 'वॉल' पर्यायात तीच येते. नियम बंद असेल तर इशाराही येत नाही. पॉइंटर आधी व्हॉइडमध्ये व मग हव्या त्या प्रकारात बदलला, की इशारा अनेकदा गप्प होतो; दोष मात्र जागच्या जागी राहतो आणि पुढच्या वाचकाला त्याची खूणही उरत नाही. खरी दुरुस्ती म्हणजे 'मेमकॉपी'ने बाइट उतरवून घेणे किंवा त्या प्रकाराला जीसीसीचे 'मे-अलायस' विशेषण लावणे. लहान, ठरावीक आकाराची 'मेमकॉपी' कंपायलर सहसा एक-दोन सूचनांत मिटवतो, त्यामुळे वेग जाण्याची भीती बहुधा अनाठायी ठरते. युनियनमधून वाचन जीसीसीला चालते. मानकातील त्याच्या अर्थाबद्दल मतभेद आहेत. सगळा कोड तपासणे शक्य नसेल, तर नियम उघडपणे बंद ठेवणे हाच सुरक्षित मार्ग होय.

इतर कंपायलर : क्लँगमध्येही 'नो-स्ट्रिक्ट-अलायसिंग' पर्याय आहे.