गस्तवाहन कोणाचे? : पनवेलच्या संदर्भात पोलीस वाहनवाटपाचा ऐतिहासिक विचार

1969 साली अमेरिकेतील इंडियानापोलिस शहराने गस्तीवरील पोलिसांना स्वतंत्र मोटारी नेमून दिल्या. पाळी संपल्यावरही मोटार त्याच पोलिसाकडे राही व खासगी कामासही वापरता येई. पोलिसांच्या गाड्या रस्त्यावर अधिक दिसल्या, तर गुन्ह्यांस आळा बसेल, ही त्यामागील भूमिका होती. तथापि 1972-73 मधील कॅन्सास सिटीच्या प्रयोगात नेहमीची मोटारगस्त वाढविल्याने वा बंद केल्याने गुन्ह्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. त्यामुळे या पद्धतीचा मुख्य लाभच शंकास्पद ठरतो.

महाराष्ट्रात वेगळी परंपरा रूढ झाली. येथे गस्तीचे वाहन व्यक्तीचे नसून पोलीस ठाण्याचे असते. मोटार परिवहन विभाग त्याची देखभाल पाहतो, चालक पोलीस ते चालवितो आणि प्रत्येक फेरीची नोंद लॉगबुकात होते. एकच वाहन सर्व पाळ्यांत फिरत असल्याने भांडवली खर्च कमी येतो; मात्र सततच्या वापराने ते लवकर झिजते, आणि ते दुरुस्तीस गेले की गस्तच खंडित होते. हा तोटा हिशेबाच्या वहीत सहसा दिसत नाही.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. 1951 च्या पोलीस अधिनियमातील कलम 28 नुसार पोलीस अधिकारी सदैव कामावर असल्याचे मानले जाते. कायद्याने पोलीस चोवीस तास बांधलेला. वाहन मात्र पाळीला बांधलेले!

पनवेलमध्ये हा प्रश्न विशेष तीव्र होतो. 1830 मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यापासून हे बंदराचे गाव पुण्याच्या वाटेवरील नाके बनले. पळस्पे येथे पुणे व गोवा मार्ग विभागतात. 2002 मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. 1994 मध्ये नवी मुंबई पोलीस आयुक्तालय स्थापन झाले. त्याच्या कार्यक्षेत्रातील या तालुक्यात एकीकडे जुन्या गावठाणातील अरुंद गल्ल्या, तर दुसरीकडे महामार्ग आहेत. गल्लीत मोटारीपेक्षा दुचाकीवरील बीट मार्शल अधिक उपयोगी ठरतो. महामार्गावर मात्र मोटारीस पर्याय नाही.

2021 मध्ये राज्यात 112 क्रमांकाची सेवा सुरू झाल्यावर मदतीस पोहोचण्याचा वेळ हा मोजमापाचा निकष ठरला. या निकषावर व्यक्तिगत मोटारीपेक्षा प्रत्येक ठाण्यास एक राखीव वाहन व पुरेसे चालक देणे अधिक किफायतशीर दिसते. कारण चालकाअभावी उभी असलेली मोटार कोणाच्याही नावावर असली, तरी मदतीस पोहोचत नाही.