कागद कुणाचे?

अमेरिकेत सॅन डिएगो शहरात दर वर्षी कॉमिक-कॉन नावाचा मेळावा भरतो. लाखाच्या वर माणसं येतात. नातवंडांच्या तोंडी हे नाव सारखं येतं म्हणून त्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि त्यात जॅक किर्बी भेटले.

किर्बींचा जन्म १९१७ सालचा, न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतला. घर ज्यू स्थलांतरितांचं. जो सायमन यांच्याबरोबर त्यांनी कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हा नायक हिटलरला ठोसा लगावतो. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीसुद्धा नव्हती! पुढे १९६१ पासून मार्व्हल कंपनीत स्टॅन ली यांच्या साथीनं फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन आले. पैसे मिळत ते पानामागे. पात्रांवर हक्क कंपनीचा, आणि हातानं काढलेली मूळ पानंही कंपनीकडेच राहात.

ऑगस्ट १९७० मध्ये शेल डॉर्फ या रसिकानं काही तरुण पोरांना हाताशी धरून सॅन डिएगोत पहिला तीन दिवसांचा मेळावा भरवला. आले सुमारे तीनशे जण. पाहुण्यांत किर्बी होते. एकट्यानं टेबलावर वाकून वर्षानुवर्षं चित्रं काढणाऱ्या माणसाला इथे आपला वाचक समोर बसलेला दिसला. एक दिवस हॉलिवूड इथे येईल, असं भाकीत किर्बींनी फार आधी केलं होतं, असं त्यांचे सहकारी मार्क इव्हानियर सांगतात. ते खरं ठरलं.

पण अशाच मेळाव्यांतल्या विक्रेत्यांच्या टेबलांवर किर्बींची मूळ पानं विकायला येऊ लागली. कंपनीकडून ती कधीतरी बाहेर गेली होती. चाहते ती प्रेमानं विकत घेत, आणि काढणाऱ्याच्या हाती त्यातलं काहीच पडत नसे. १९८४ मध्ये मार्व्हलनं फक्त ८८ पानं परत देऊ केली. त्यासाठीही चार पानी करारावर सही हवी होती. इतर चित्रकारांना असा लांबलचक करार नव्हता. किर्बींनी सही केली नाही.

१९८५ च्या सॅन डिएगो मेळाव्यात यावर जाहीर चर्चा झाली. किर्बींच्या बाजूनं फ्रँक मिलर आणि ॲलन मूर हे तरुण पिढीतले नावाजलेले लोक बसले होते. पुढे अनेक चित्रकार-लेखकांनी निवेदनावर सह्या केल्या. अखेर १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं घरी आली. काढलेली होती दहा हजारांच्या वर.

१९९४ मध्ये किर्बी गेले. पात्रांच्या हक्कांसाठी मुलं कोर्टात गेली, खालच्या कोर्टांत हरली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीशी तडजोड झाली.

मला यात त्या रसिकांचं कौतुक वाटतं. पानं विकत घेणारेही तेच होते, आणि ती परत मिळावीत म्हणून आवाज उठवणारेही त्यांच्यातलेच. किर्बींना निम्मी पानंसुद्धा मिळाली नाहीत, पण जी मिळाली ती कंपनीनं आपणहून दिलेली नव्हती. त्यांच्या बाजूनं माणसं उभी राहिली, म्हणून मिळाली.