शाळेत मुलाला मारता येतं का? प्राथमिक शाळेतील शिस्तीचे नियम पालकांनी जाणून घ्या

'गुरुजी, ऐकत नसला तर दोन ठेवून द्या, आमचं काही म्हणणं नाही.' पहिलीत नाव घालताना आजही अनेक पालक शिक्षकांना असं सांगतात. मात्र पालकांनी परवानगी दिली तरी शिक्षकाला मुलावर हात उचलता येत नाही. मग वर्गात शिस्त कशी राहणार? मुलांकडून शाळेची अपेक्षा काय? आणि मुलाला मारलंच तर तक्रार कुठे करायची?

कायदा काय सांगतो?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे पहिली ते आठवीसाठी हा कायदा आहे. त्याच्या कलम 17 नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींना मनाई आहे. नियम मोडणाऱ्यावर सेवा नियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होते. हे फक्त जिल्हा परिषदेच्या शाळेपुरतं नाही, खासगी शाळेलाही लागू आहे.

कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत फेरपरीक्षेतही नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवता येतं. पण 'नीट वागत नाही, घेऊन जा याला' असं म्हणून दाखला हातात देता येत नाही.

शिक्षा म्हणजे फक्त छडी नव्हे

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत शिक्षेचे प्रकार दिलेले आहेत. 

शारीरिक शिक्षा: चापट मारणं, चिमटा काढणं, केस ओढणं, बाकावर उभं करणं, डोक्यावर दप्तर देऊन उभं करणं, गुडघ्यावर बसवणं, कोंबडा करणं, खोलीत कोंडून ठेवणं.

मानसिक त्रास: टोमणे मारणं, नावं ठेवणं, जातीवरून किंवा आई-बापाच्या कामावरून हिणवणं, आजारावरून चिडवणं, अभ्यास जमत नाही म्हणून वर्गासमोर लाज काढणं.

वर्गाच्या मॉनिटरला छडी देऊन पोरांना मारायला लावणं हीही शिक्षाच.

मुलांकडून काय अपेक्षा?

मार बंद म्हणजे शिस्त बंद, असं नाही. लहान मुलांसाठी नियम थोडे आणि सोपे असावेत:
- परिपाठाच्या आधी शाळेत पोहोचायचं.
- कुणाला मारायचं नाही, शिवी द्यायची नाही.
- खिचडीच्या वेळी हात धुऊन रांगेत बसायचं, ताटात टाकायचं नाही.
- दुसऱ्याची वस्तू विचारल्याशिवाय घ्यायची नाही.
- न विचारता शाळेच्या आवाराबाहेर जायचं नाही.

नियम मुलांसोबत बसून ठरवले आणि भिंतीवर लावले, तर मुलं एकमेकांनाच त्याची आठवण करून देतात. नियम मोडला तर चुकीशी जुळणारं काम द्यावं. कागद फेकला तर उचलायला लावावा, भांडण झालं तर दोघांचं ऐकून समेट करावा. वारंवार खोड्या करणाऱ्याला पुढच्या बाकावर घ्यावं, फळा पुसणं किंवा खडू आणणं अशी जबाबदारी द्यावी. तेवढ्यानं भागत नसेल तर पालकांना बोलावून घ्यावं.

पोरगं सारखं चुळबुळ करतं, लिहीत नाही, मागे बसून झोपतं, यामागे कमी दिसणं, कमी ऐकू येणं, उपाशीपोटी येणं किंवा घरातली भांडणंही असू शकतात. अशा मुलाला मारलं तर कारण तसंच राहतं, शाळेची भीती मात्र बसते. मग सकाळी रोज पोट दुखू लागतं आणि हळूहळू शाळा सुटते.

पालकांचं काम

शिस्त शाळेवर सोडून चालत नाही. मुलाला वेळेवर पाठवावं. कापूस वेचणीला किंवा लहान भावंड सांभाळायला घरी ठेवू नये. रात्री मोबाईल लवकर बंद करावा. 'थांब, गुरुजींना सांगते' अशी भीती घालू नये. घरातच मार बसत असेल, तर मुलगा शाळेत दुसऱ्यावर हात उचलणारच.

मारलं तर तक्रार कुठे?

1. आधी मुलाचं शांतपणे ऐका. तारीख, वेळ, काय झालं ते लिहून ठेवा. वळ किंवा जखम असेल तर फोटो काढा, दवाखान्यात दाखवा आणि कागद जपून ठेवा.
2. मुख्याध्यापकांना भेटा. चार माणसं घेऊन वर्गात घुसू नका, त्यानं मुलंच घाबरतात. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.
3. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय मांडा. या समितीत 75 टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघाकडे जा.
4. तिथे दाद लागली नाही तर केंद्रप्रमुख, पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी आणि त्यानंतर जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षणाधिकारी. कलम 32 नुसार स्थानिक प्राधिकरणानं लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो मान्य नसेल तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.
5. गंभीर मारहाण किंवा लैंगिक त्रास असेल तर ही पायरी-पायरी पाहत बसू नका. थेट पोलीस ठाणं गाठा किंवा 1098 या मोफत चाइल्डलाइनवर फोन करा.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत शिस्तीचे नियम हा विषय घ्यायला सांगा. ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहून शाळेच्या दर्शनी भागात लावले, तर मुलं, गुरुजी आणि पालक तिघांनाही आपली हद्द कळते.