पाच मिनिटांपुढचा मेंदू : प्रस्तावना

फिट आलेले माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. शाळेच्या प्रार्थनेला, लग्नाच्या मांडवात, नाहीतर आसनगावच्या फलाटावर. लोक धावतात, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, आणि दोन-तीन मिनिटांत झटके थांबतात. बहुतेक फिट आपोआपच थांबतात, त्यामुळे कांद्याचा गुण आला असे वाटणे स्वाभाविक आहे. काही फिट मात्र थांबत नाहीत. त्या वेळी मेंदूतल्या पेशींचे काय होते आणि त्या वाचवता येतील का, हा या अभ्यासाचा विषय आहे. शहापूर-मुरबाडच्या वाचकांनी तो परका मानू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

कारण इथे अंतराचा प्रश्न आहे. डोळखांबच्या पलीकडचा पाडा असो की माळशेज घाटाच्या पायथ्याचे गाव, तिथून रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात न्यायचे तर गाडी मिळेपर्यंतच बराच वेळ जातो. पावसाळ्यात तर विचारायलाच नको. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये दोन मर्यादा सांगितल्या. सर्वांगाचे झटके ५ मिनिटांपुढे गेले की ते आपणहून थांबण्याची आशा कमी होते. ३० मिनिटांनंतर कायमच्या इजेचा धोका असतो. या आकड्यांमागे रुग्णांच्या निरीक्षणाबरोबर प्रयोगशाळेतले अनेक वर्षांचे काम आहे.

मेंदूत पेशी एकमेकींना प्रामुख्याने ग्लुटामेट या रसायनाने चेतवतात आणि गाबा या रसायनाने आवरतात. हा तोल सुटला की फिट येते. ग्लुटामेटचा अतिरेक पेशीला मारतो, हा विचार जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये मांडला. पेशीत कॅल्शियम बेसुमार शिरते, ऊर्जा तयार करणारी यंत्रणा कोलमडते आणि पेशी मरते. पण झटक्यांत श्वास कोंडतो, ताप चढतो. मग नुकसान त्यानेच होत नसेल कशावरून? ब्रायन मेल्ड्रम यांनी १९७३ मध्ये बबून माकडांवर हेच तपासले. स्नायू शिथिल केले, कृत्रिम श्वास चालू ठेवला. शरीराला झटका नाही, प्राणवायूची वानवा नाही. मेंदूतली विद्युत खळबळ मात्र चालूच होती, आणि पेशी तरीही मेल्या, जरी काहीशा कमी. हा प्रयोग वाचताना तुम्ही क्षणभर थांबा. उपचार स्नायूंचा नव्हे, मेंदूचा करायचा, हे इथे पक्के झाले.

पुढे आणखी एक गोष्ट दिसली, आणि माझ्या मते आपल्या भागासाठी तीच सर्वांत मोलाची. फिट लांबत जाते तसे गाबाला प्रतिसाद देणारे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावरून आत ओढले जातात. डायझेपाम किंवा मिडाझोलाम काम करतात ते याच रिसेप्टरवर. म्हणून पहिल्या काही मिनिटांत लागू पडणारे औषध तासाभराने अपुरे पडते. नाकात फवारायचे मिडाझोलाम डॉक्टरांच्या सल्ल्याने घरीच ठेवावे, असे आज सांगितले जाते, त्यामागे हे विज्ञान आहे.

यात मुंबईचाही वाटा आहे, याचा अभिमान वाटतो. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबैद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. त्यांनी आणि सेमूर बेन्झर यांनी १९७६ मध्ये ऊब वाढली की लुळ्या पडणाऱ्या फळमाश्यांच्या मज्जातंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या एका जातीतला बिघडलेला जनुक पेशीत सोडियम शिरण्याचा मार्ग घडवणारा निघाला. माणसातला त्याच कुळातला जनुक बिघडला तर बाळाला तापात वारंवार लांबलेल्या फिट आणणारा गंभीर आजार होऊ शकतो; आणि फिनिटॉइनसारखी जुनी औषधेही सोडियमच्या मार्गांवरच काम करतात.

वाचकांनी प्रत्येक प्रयोगाला एक प्रश्न विचारावा: औषध इजेच्या आधी दिले की नंतर? उंदराला आधी औषध देऊन त्याच्या पेशी वाचवणे तुलनेने सोपे. आपल्याकडे रुग्ण येतो तो फिट सुरू झाल्यानंतर. ब्राह्मी, वेखंड अशा आपल्या ओळखीच्या वनस्पतींवरचे प्रयोगही याच कसोटीवर वाचावेत, आणि त्यांच्या भरवशावर चालू गोळ्या कुणीही बंद करू नयेत. फिट थांबवणे, पेशी वाचवणे आणि पुढे अपस्मार जडू न देणे, ही तीन वेगळी कामे आहेत. तिसऱ्यासाठी माणसात खात्रीने गुण देणारे औषध अजून हाती आलेले नाही.

आशाताई आणि परिचारिकांनी वेळेसंबंधीचे प्रकरण आधी वाचावे. बारावीच्या विद्यार्थ्यांनी फळमाशीपासून सुरुवात करावी. तिला पाळायला काचेची बाटली आणि पिकलेले केळे पुरते, आणि ते मुरबाडच्या कॉलेजातही मिळेल.