गिटारवादनातील क्रियांचे डिजिटल स्वरलेखन

गिटारची तार, फ्रेट आणि दोन्ही हातांच्या क्रिया संगणकाला वाचता येतील अशा रीतीने नोंदवण्याच्या पद्धती. पेटीवर एक स्वर एकाच पट्टीत असतो. गिटारवर तोच स्वर अनेकदा दोन-तीन तारांवर सापडतो आणि दर ठिकाणी त्याचा नाद निराळा लागतो. त्यामुळे स्वर आणि मात्रा एवढ्यावर भागत नाही. कोणत्या तारेवर, कसा काढला, हेही लिहावे लागते.

वाद्ये आणि संगणक यांना जोडणाऱ्या, १९८३ साली आलेल्या मिडी या संकेतपद्धतीत स्वर वर-खाली सरकवण्याच्या संदेशाला १६,३८४ पायऱ्या आहेत. पण हा संदेश संपूर्ण चॅनलला लागू होतो. एक तार ताणली की त्याच चॅनलवरच्या बाकीच्या तारांचा सूरही हलतो. म्हणून मिडी गिटारमध्ये सहा तारांना सहा चॅनल देण्याची पद्धत पडली. डाव्या हाताने स्वर काढला की तार पुन्हा छेडली, हे मात्र साध्या मिडी नोंदीतून समजत नाही.

ती उणीव म्युझिकएक्सएमएल या स्वरलेखनाच्या फाइल-स्वरूपाने (पहिली आवृत्ती २००४, चौथी २०२१) बरीच भरून काढली. त्यात तार, फ्रेट, हॅमर-ऑन, पुल-ऑफ, टॅपिंग, हार्मोनिक आणि बेंड यांना स्वतंत्र घटक आहेत. बेंड किती अर्धस्वरांचा, हेही लिहिता येते. तारांचे क्रमांक सर्वांत उंच स्वराच्या तारेपासून सुरू होतात, तर टॅबच्या (तारांच्या रेघांवर फ्रेटचे आकडे लिहिण्याच्या पद्धतीतील) रेघा खालून मोजल्या जातात. नवख्याचा गोंधळ उडतो तो इथेच. निवडही थोडी लहरी आहे. फ्लामेंकोत गिटारच्या अंगावर मारायच्या टिचकीला घटक मिळाला. रॉकमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या पाम म्यूटला (तळहाताने तार दाबून काढलेल्या दबक्या नादाला) मात्र तसा स्वतंत्र लेखनघटक नाही; तो वादनाच्या सूचनांतील ‘म्यूट’ घटकात नोंदवावा लागतो.

हिंदुस्थानी पद्धतीने वाजवणाऱ्याला यातले बरेच ओळखीचे वाटेल. पुल-ऑफ म्हणजे जवळजवळ सतारीचे कृंतन आणि बेंड म्हणजे ओढून घेतलेली मींड. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या स्वरलिपीत मींडेला स्वरांवर कमान, कणाला डोक्यावर बारीक अक्षर आणि खटक्याला कंस आहे : कंसातला ‘प’ म्हणजे ‘ध प म प’. कमान कुठून कुठे जायचे ते सांगते. वाटेत कोणत्या श्रुतीवर किती रेंगाळायचे, हे गुरूकडून घ्यायचे.  पलुस्कर परंपरेतील अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत आजही स्वरलिपी हाताने लिहावी लागते. तिथे ही मोकळीक खपते, कारण वाचणारा माणूस असतो.

यंत्राला ती चालत नाही. म्युझिकएक्सएमएलमधील ‘स्लाइड’ला आरंभ, शेवट आणि गतीचा ढोबळ अंदाज एवढेच देता येते. फ्रान्समध्ये तयार झालेल्या गिटार प्रो या टॅबलेखनाच्या प्रणालीत (१९९७) बेंडची वक्ररेषा बिंदूबिंदूने आखता येते. मींडेला तीच सोय अधिक जवळची. पण ‘कॉल ऑफ द व्हॅली’ (१९६७) या ध्वनिमुद्रिकेतील ब्रिजभूषण काबरा यांची गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवून वाजवलेली आहे. तिथे फ्रेटचा आकडा जवळपास निरुपयोगी ठरतो. अशा वादनाची नोंद करायची तर स्वरलिपीला ध्वनिमुद्रण जोडणे हाच आजही सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.